गुऱ्हाळात सापडलेली अर्धी मर्सिडीज: १९७२ ची २२० डी

घाटवळण (पुणे) | १९ जानेवारी २०२५

मंडळी, घेतली एकदाची. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, म्हणून आधी इथे सांगतो.

मर्सिडीज २२० डी (डी म्हणजे डिझेल), डब्ल्यू ११५ मालिकेतली, १९७२ ची. ही मालिका १९६८ साली आली म्हणून जर्मनीत हिला 'श्ट्रिख आख्ट' म्हणतात, म्हणजे 'रेघ आठ'. गाडी इस्लामपूरजवळ एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात उभी होती. उभी म्हणजे काय, विटांच्या चार थप्प्यांवर नुसता सांगाडा. इंजिन वेगळं, पोत्याखाली. सीट माळ्यावर. उरलेली गाडी अठरा डालडाच्या डब्यांत, दोन दुधाच्या किटल्यांत आणि लग्नात आलेल्या एका पत्र्याच्या ट्रंकेत.

मालक साखर कारखान्यात इंजिनिअर होते. २००३ साली त्यांनी गाडी खोलायला घेतली, 'दिवाळीपर्यंत होईल' असं घरी सांगून. नंतर तब्येत गेली, मग तेही गेले. मुलाला गुऱ्हाळाची जागा मोकळी करायची होती आणि भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला होता. मी २ लाख १० हजार दिले. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

जमेची बाजू: चासी नंबर ११५११० ने सुरू होतो, म्हणजे अस्सल २२० डी. पुढचे दोन आकडे २ आणि ०, म्हणजे उजवं स्टिअरिंग आणि हाताचा गिअर. इंजिन नंबरही आरसी बुकाशी जुळतो. एवढं बघितल्यावरच खिशात हात घातला.

खर्चाची बाजू: बाकी सगळी.

इंजिन हाताने फिरतंय. मला ते आधी करावंसं वाटतंय, आवाज ऐकला की हुरूप येईल. काय म्हणता?

---

नानापेठी | १९ जानेवारी २०२५

अभिनंदन, आणि इंजिनाला हात लावू नका.

आपण स्वतः खोललेली गाडी आणि दुसऱ्याने खोलून ठेवलेली गाडी यात फार फरक असतो. कुठला बोल्ट लांब, कुठला आखूड, कुठे वॉशर दुहेरी, हे खोलणाऱ्याच्या डोक्यात असतं. तो माणूस गेला की ते सगळं त्याच्याबरोबर गेलं. तुमच्याकडे आलेत ते फक्त डबे. त्या डब्यांत काय आहे याच्यापेक्षा काय नाही ते आधी शोधा.

मी हा मार खाल्लाय. एका जुन्या जॅग्वारचं इंजिन आधी केलं, चांगलं खणखणीत. सव्वा वर्ष त्यात गेलं. मग कळलं की पुढच्या काचेभोवतीची स्टीलची पट्टी, दोन दरवाजांची कुलपं आणि पेडलची अख्खी पेटी गायब आहे. इंजिन चालू आणि गाडी चार वर्षं जागची हलली नाही.

गच्चीवर ताडपत्री टाका. एकेक डबा ओता, फोटो काढा, वहीत दोन याद्या करा: 'आहे' आणि 'नाही'. महिना गेला तरी जाऊ द्या.

---

उद्यमनगरी (कोल्हापूर) | २० जानेवारी २०२५

नाद खुळा भावा! इस्लामपूर म्हणजे आमच्या दारातच. इंजिनकाम पुण्यात करू नका, इकडं घेऊन या. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग सगळं एका गल्लीत हाय. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघती ते गाव आमचं, जुन्या गाडीला इथं कोण भंगार म्हणत नाही.

---

श्टुटगार्टकर | २० जानेवारी २०२५

पूर्ण चासी नंबरावरून कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या विभागाकडून मूळ डेटा कार्ड मिळू शकतं. गाडी कारखान्यातून कुठल्या रंगात, कुठल्या कापडात आणि काय काय जोडून निघाली ते त्यावर असतं. रंग ठरवायच्या आधी ते मागवा. इथे जवळच फेलबाखला त्यांचं क्लासिक सेंटर आहे. या मालिकेच्या १९ लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे रबरं आणि बारीकसारीक माल अजून मिळतो. किमती मात्र बसून वाचाव्यात.

---

माळावरची | २२ जानेवारी २०२५

वाचनखूण साठवली आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. घरी आकडा सांगितला की तेही लिहा, आम्हाला त्यातच जास्त रस आहे.

---

घाटवळण | २ मार्च २०२५

नानापेठीकाका, साष्टांग नमस्कार.

पाच रविवार गेले. 'नाही'च्या यादीत ४३ नोंदी झाल्या. एकही मोठी नाही, सगळी चिल्लर: मागच्या डाव्या दरवाजाची आतली मूठ, वायपरच्या दोन टोप्या, हँडब्रेकच्या तारेचा टेकू, पुढच्या दोन्ही त्रिकोणी काचांच्या खुंट्या (नोंद २१ उजवी, नोंद २२ डावी).

आणि एक गंमत. ट्रंकेत टेललॅम्पच्या दोन नव्याकोऱ्या जोड्या निघाल्या. मी खूश. मग नीट बघितलं तर त्यांना आडव्या खाचा. १९७३ साली या मॉडेलला बदलून काढलं, तेव्हा चिखलाने दिवा झाकला जाऊ नये म्हणून अशा खाचांचे दिवे आले, आणि पुढच्या दरवाजातल्या त्रिकोणी काचा तेव्हाच गेल्या. माझी गाडी त्याच्या आधीची, म्हणजे सपाट काचेचे दिवे हवेत. आधीच्या मालकसाहेबांनी कुठूनतरी नंतरच्या गाडीचा माल उचलला होता. डब्यांमध्ये दोन गाड्यांची खिचडी आहे. म्हणून आता तिसरी यादी: 'आहे, पण आपलं नाही'.

त्यांना माहीत नव्हतं की मिळेल ते घेऊन ठेवलं, कोण जाणे. २००३ मध्ये फोनवर फोटो पाठवून 'हाच का?' विचारायची सोय नव्हती.

माळावरची ताई: आकडा सांगितला. अबोला अकरा दिवस टिकला.

---

नानापेठी | २ मार्च २०२५

४३ फार नाहीत. ते जादा टेललॅम्प विकू नका. नंतरच्या मॉडेलवाला कुणीतरी तुमच्यासारखाच डोकं धरून बसला असेल, त्याच्याशी अदलाबदल होईल. या धंद्यात पैशापेक्षा असा माल चालतो.

आता पत्रा. पातळ फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक गाडीभर फिरवा. चिकटणार नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. उंबऱ्याला जॅक लावायची भोकं, स्टेपनीचा खड्डा, पुढच्या मडगार्डचा मागचा खालचा कोपरा आणि मागचा ॲक्सल जिथे बॉडीला टांगलाय त्या जागा. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. मडगार्डांचं टेन्शन घेऊ नका, पुढची दोन्ही बोल्टवर आहेत, उतरतात.

---

घाटवळण | ११ मे २०२५

चुंबक डाव्या उंबऱ्यावर तीन ठिकाणी पडलं. डेंटरने तिथे खरवडलं तर बोटभर जाड लांबी आणि तिच्या आत १९९१ चा पेपर, घडी करून कोंबलेला. शेअर बाजाराचं पान. तेवढ्या पेपरवर गाडीचा कोपरा बारा-तेरा वर्षं टिकला, हे त्या कारागिराचं कौतुक की आपलं दुर्दैव ते ठरवत बसलो.

डेंटर आधी म्हणाला, वरून पत्र्याचा पॅच मारतो, दोन दिवसांत गाडी मोकळी. मी नको म्हटलं. गंजका पत्रा पूर्ण कापून नवा दुमडून मिग वेल्डिंगने बसवायला सात आठवडे लागले. मागच्या ॲक्सलच्या जागा वाचल्या आहेत. गुऱ्हाळ कोरडं होतं, आणि जमिनीवर चिपाडाचा जाड थर होता म्हणून ओल वर चढली नसावी. चिपाडाने पत्रा वाचवला आणि त्याच चिपाडातल्या उंदरांनी वायरिंग खाल्लं.

---

ट्रॅक्सवाला (सातारा) | १३ मे २०२५

धागा आत्ता वाचला. एक सरळ विचारतो, राग मानू नका. त्या जुन्या इंजिनावर पैसे का घालवताय? आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजच्याच परवान्याने ओएम ६१६ हे डिझेल इंजिन बनवलं. ते ट्रॅक्समध्ये आलं, ट्रॅव्हलरमध्ये आलं. तुमच्या गाडीतल्या ओएम ६१५ चा सख्खा धाकटा भाऊ. २४०४ सीसी, तुमच्यापेक्षा ताकदीला बरं, आणि सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात गल्लीबोळातला मिस्त्री डोळे मिटून खोलतो. चालू इंजिन आणा, बसवा, दिवाळीला गाडीत बसून महाबळेश्वरला जा. आमच्या घरी तीन ट्रॅक्स होऊन गेल्या, वऱ्हाडं वाहिली, ऊसतोडीची माणसं वाहिली, इंजिनाने कधी तोंड वाकडं केलं नाही.

---

उद्यमनगरी | १३ मे २०२५

ट्रॅक्सवाले, तुमचं बरोबर हाय, पण गाडी ट्रॅक्स न्हाई.

---

ट्रॅक्सवाला | १३ मे २०२५

घराणं एकच आहे हो. मूळ मूळ करत बसलं की गाडी अजून वीस वर्षं डब्यात. आधीच्या मालकाचं काय झालं बघितलंत ना.

---

श्टुटगार्टकर | १४ मे २०२५

इथल्या मर्सिडीज संग्रहालयात एका ग्रीक टॅक्सीवाल्याची १९७६ ची २४० डी ठेवली आहे. याच मालिकेतली. ४६ लाख किलोमीटर धावलेली.

---

ट्रॅक्सवाला | १४ मे २०२५

आणि ती एकाच इंजिनावर धावली का?

---

श्टुटगार्टकर | १४ मे २०२५

नाही. इंजिनं बदलत बदलत. :-)

---

कागदवाली (ठाणे) | १५ मे २०२५

भावनेचं तुमचं तुम्ही बघा, मी कागदाचं सांगते.

२०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली खाजगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. घाटवळण, तुमची त्यात बसते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरण ५,०००. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, पण आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तुमचा जुना तीन अक्षरी नंबर असेल तर तो सोडू नका. मात्र या नोंदणीवर रोज ऑफिसला जाता येत नाही. रॅली, प्रदर्शन, डिझेल भरायला आणि दुरुस्तीला नेणं, असंच.

आता मुद्दा. नियमात स्पष्ट आहे की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. ट्रॅक्सचं इंजिन म्हणजे नंबर वेगळा, सीसी वेगळी. अर्ज तिथेच अडकेल. जुळणारा इंजिन नंबर ही तुमच्या गाडीतली सगळ्यात महाग वस्तू आहे आणि ती पोत्याखाली पडली होती.

---

ट्रॅक्सवाला | १५ मे २०२५

हे मला माहीत नव्हतं. मग मुद्दा संपला. पण इंजिन करताना ट्रॅक्सचा माल उपयोगी पडेल, माझ्या ओळखीचा दुकानदार आहे, सांगा.

---

घाटवळण | १७ मे २०२५

कागदवालीताई, कोपरापासून नमस्कार. खरं सांगतो, १४ तारखेच्या रात्री मी ट्रॅक्सच्या इंजिनासाठी फोन लावला होता. त्याने उचलला नाही म्हणून वाचलो.

ठरलं. मूळ इंजिनच करायचं.

---

घाटवळण | ३ ऑगस्ट २०२५

इंजिन कोल्हापुरात आहे. उद्यमनगरीदादांनी स्वतः टेम्पोतून उतरवून घेतलं, जेवायला घातलं, तांबडा-पांढरा झाला. इंजिनाबद्दल नंतर बोललो.

खोलल्यावर: तिसऱ्या सिलिंडरमध्ये पाणी उतरून गंजाचा खड्डा. बाकी तिन्ही ठीक. चारही स्लीव्ह (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) नवे मारून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, परत मूळ ८७ मिमीवर आणतोय. ट्रॅक्सचे पिस्टन इथे बसत नाहीत, कारण ६१६ चा बोअर ९१ मिमी. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, दोन्हीचा ९२.४ मिमी, म्हणून माझं २१९७ सीसी आणि त्याचं २४०४. हा हिशेब कागदावर केला आणि दोन इंजिनांचं नातं डोक्यात बसलं. पिस्टन बाहेरून मागवले. टायमिंग चेन आणि काही बारीक माल साताऱ्याहून आला. ट्रॅक्सवाल्यांच्या दुकानदाराने जुना माल शेजारी ठेवून, माप लावूनच नवा दिला.

अडलंय ते डिझेल पंपावर. या पंपाचा गव्हर्नर (डिझेल किती जाईल ते ठरवणारा भाग) व्हॅक्यूमवर चालतो, त्यात चामड्याचा पडदा आहे. माझा पडदा पापडासारखा कडक झालाय.

---

उद्यमनगरी | ३ ऑगस्ट २०२५

चामडं म्हटल्यावर आमच्या गावात एक जण म्हणालाच, चप्पलवाल्याकडनं कापून आणतो. मी हात जोडले.

---

नानापेठी | ४ ऑगस्ट २०२५

हसण्यावारी नेऊ नका, कुणीतरी खरंच करेल म्हणून लिहितो. तो पडदा व्हॅक्यूमच्या ओढीने डिझेल कमी करतो. तो फाटला किंवा गळका असला तर पंपाला वाटतं अजून द्यायचंय, आणि इंजिन आपोआप पळत सुटतं. चावी बंद करून डिझेल इंजिन थांबत नाही. पिस्टनचा रॉड इंजिन फोडून बाहेर येईपर्यंत पळतं.

डिझेल पंपाचं काम करणाऱ्याकडूनच मूळ जाडीचा पडदा बसवून घ्या. बसवल्यावर घरी तपासा: पंपावरची स्टॉपची दांडी दाबून धरा, व्हॅक्यूमच्या नळीचं तोंड बोटाने घट्ट बंद करा, मग दांडी सोडा. दांडी जागेवर राहिली तर पडदा धरतोय. हळूहळू परत आली तर गळतोय.

पहिल्यांदा चालू करताना एअर फिल्टर काढून ठेवा आणि हातात सपाट फळी घेऊन एक माणूस उभा करा. इंजिन सुटलं की हवेच्या तोंडावर फळी. फडकं किंवा गोणी नको, आत ओढली जाते.

---

कागदवाली | ६ सप्टेंबर २०२५

सगळ्यांसाठी एक बातमी. ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या गाड्यांची साधी नोंदणी नूतनीकरणाची फी वाढली. साध्या मोटारीला १०,००० आणि आयात केलेल्या चारचाकीला ८०,००० रुपये. घाटवळण, आता व्हिंटेजच्या २०,००० पुढे हा आकडा ठेवून बघा आणि इंजिनाला एक नारळ फोडा.

---

घाटवळण | ९ नोव्हेंबर २०२५

दिवाळी हुकलीच. तुळशीची लग्नं लागली, तेव्हा इंजिन गाडीत बसलं. साहेबांच्या घरच्यांना फोन केला होता. मुलगा आणि आई दोघं इस्लामपूरहून आली.

या गाडीला डॅशबोर्डवर ओढायची एक मूठ आहे. पहिल्या टप्प्यापर्यंत ओढली की ग्लो प्लग (थंड इंजिनात डिझेल पेटावं म्हणून असलेले हीटर) तापायला लागतात. शेजारी मिठाच्या डबीच्या झाकणासारखी एक जाळी आहे, तिच्यातली तार लाल झाली की मूठ आणखी ओढायची, मग स्टार्टर फिरतो.

मी ओढली. जाळी काळीच. पुन्हा ओढली. काळीच. बारा माणसं, दोन फोन व्हिडिओसाठी उघडलेले, मित्र फळी घेऊन क्रिकेटच्या पवित्र्यात. उद्यमनगरीदादा फोनवर: 'जुने प्लग एका माळेत जोडल्यात, दिवाळीच्या माळंगत. एक गेला की सगळी बंद.' दुसरा गेलेला निघाला. 'आहे'च्या यादीत साहेबांनी ठेवलेला एक नवा प्लग होता, खोक्यासकट. डबा क्रमांक सात. तो लावला.

तार लाल झाली. मूठ ओढली. पाच-सहा वेढे नुसताच धूर, पांढरा, मग एक सिलिंडर, मग दोन, आणि मग ते सगळं अंग हलवत चालू झालं. फळीची गरज लागली नाही. त्या मावशी जवळ आल्या, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, 'असाच आवाज यायचा. मागच्या दाराला कळायचं, हे आले.' मग त्या चहा करायला आत गेल्या, माझ्याच घरात.

ब्रेक चारही चाकांना डिस्क आहेत, कॅलिपर जाम होते, झाले. होज नवे. वायरिंग चालू आहे. सीटच्या आत स्प्रिंगवर रबर पाजलेल्या काथ्यासारखी गादी असते, तिचा भुगा झाला होता. मालवणचे एक काका काथ्याची जाड गादी कापून देतो म्हणालेत, बघू. रंग डेटा कार्डाप्रमाणेच, हलका हस्तिदंती. घरचे म्हणतात टॅक्सीसारखी दिसेल. जर्मनीत टॅक्सीचा रंग खरंच असाच असतो, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

---

माळावरची | ९ नोव्हेंबर २०२५

व्हिडिओ टाका. मावशींचा नको, इंजिनाचा.

---

ट्रॅक्सवाला | १० नोव्हेंबर २०२५

आवाज ऐकला. आमच्या तिन्ही गाड्या आठवल्या. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत.

---

घाटवळण | १८ जानेवारी २०२६

उद्या एक वर्ष. 'नाही'च्या यादीत ४३ चे ५ राहिलेत. सपाट टेललॅम्प बेळगावच्या एका सद्गृहस्थांशी अदलाबदलीत मिळाले. नानापेठीकाकांचं म्हणणं खरं निघालं, ते खरंच डोकं धरून बसले होते. व्हिंटेजचा अर्ज गेलाय. आजवर एकूण खर्च ९ लाखांच्या पुढे, आणि हा आकडा घरी सांगितलेला नाही.

आता विचारणा: पुढच्या डाव्या त्रिकोणी काचेची खुंटी, १९७३ च्या बदलाच्या आधीची. क्रोम गेलेली चालेल, करून घेईन. कुणाकडे?

---

गोदाकाठ (नाशिक) | १८ जानेवारी २०२६

नमस्कार, आजवर वाचनमात्र होतो. वडिलांच्या गाडीची एक पडून आहे. पण ती उजवी आहे.

---

घाटवळण | १८ जानेवारी २०२६

कुणाला देऊ नका. नोंद २१. रविवारी येतो.